बाभळीचं 'अकेशिया' नाव गेलं. पाट्या बदलायच्या का?

टेकडीवाला

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या भागातल्या टेकडीवर आम्ही सात-आठ जण दर रविवारी जातो. उन्हाळ्यात रोपांना पाणी, पावसाळ्यात गवत कापणं, उरलेल्या वेळात झाडं ओळखणं. चार वर्षांपूर्वी तिथल्या झाडांना नावांच्या पाट्या लावल्या. खिळे ठोकले नाहीत, स्प्रिंगला पाटी अडकवून खोडाभोवती बांधली, म्हणजे खोड जाड झालं तरी काच बसत नाही. वर मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव. बाभळीच्या पाटीवर 'अकेशिया निलोटिका' आहे.

गेल्या महिन्यात शाळेची मुलं टेकडीवर आली होती. सहावीतल्या एका मुलीने बाभळीचा फोटो काढून मोबाइलमधल्या ॲपला विचारलं. ॲप म्हणालं 'वॅचेलिया निलोटिका'. ती मला म्हणाली, "काका, तुमची पाटी चुकलीय का?" मी सांगितलं, नाव बदललंय, झाड तेच. त्यावर तिने विचारलं, "झाड तेच आहे तर नाव का बदललं?" याचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. घरी येऊन वाचायला बसलो आणि तीन आठवडे त्यातच गेले. जे हाती लागलं ते इथे मांडतो. चुकलं असेल तर जाणकारांनी सांगावं.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली बाभळीला 'मिमोसा निलोटिका' असं नाव दिलं. निलोटिका म्हणजे नाईलकाठची. पुढच्याच वर्षी फिलिप मिलर यांनी 'अकेशिया' ही प्रजाती, म्हणजे नात्यातल्या जातींचं एक घर, मांडली. या शब्दाचं मूळ ग्रीक आहे आणि त्याचा संबंध काट्याशी आहे. आपली बाभूळ १८१३ मध्ये त्या प्रजातीत गेली. पुढे जगभरातून नवी झाडं सापडत गेली आणि फुलांचा गोंडा किंवा तुरा, भरपूर पुंकेसर, शेंगा असं दिसलं की ते अकेशियात टाकलं गेलं. होता होता हा संसार तेराशेच्या वर जातींचा झाला. त्यातल्या सुमारे हजार एकट्या ऑस्ट्रेलियातल्या.

लेस्ली पेडली या ऑस्ट्रेलियन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये म्हटलं की हे एक घर नव्हे, याच्या वाटण्या करायला हव्यात. नंतर डीएनएच्या अभ्यासातूनही तेच दिसलं. बाभूळ, खैर आणि ऑस्ट्रेलियातल्या जाती एकमेकींच्या सख्ख्या नाहीतच. मग वाटण्या झाल्यावर 'अकेशिया' हे नाव कुणाकडे राहायचं? नियम असा की प्रजातीचं नाव तिच्या नमुना-जातीबरोबर, म्हणजे जिच्याशी ते नाव बांधलंय त्या जातीबरोबर, जातं. आपल्याकडे घराच्या वाटण्या झाल्या तरी कुळाचे टाक ज्या घरात ते थोरलं घर, तसं. आणि अकेशियाचे टाक बाभळीच्या घरात होते. नमुना-जात बाभूळच होती! म्हणजे नाव बाभळीकडे राहायला हवं होतं आणि ऑस्ट्रेलियाच्या हजार जातींना 'रॅकोस्पर्मा' व्हायला हवं होतं.

तसं झालं नाही. नमुना-जातच बदलून एक ऑस्ट्रेलियन जात घ्यावी, असा प्रस्ताव २००३ मध्ये आला. २००५ मध्ये व्हिएन्नाला वनस्पतिशास्त्रज्ञांची जागतिक परिषद (काँग्रेस) झाली, तिथे त्यावर मतदान झालं. सुमारे ५५ टक्के मतं प्रस्तावाच्या विरोधात पडली, पण समितीची शिफारस प्रस्तावाच्या बाजूने होती आणि ती उलटवायला ६० टक्के लागत होती. त्यामुळे प्रस्ताव तरला. २०११ मध्ये मेलबर्नला पुन्हा वाद झाला आणि निर्णय कायम राहिला. बाभूळ झाली वॅचेलिया, खैर झाला 'सेनेगालिया कॅटेचू', हिवर झाला 'वॅचेलिया ल्युकोफ्लोइया'.

मला याचं मनापासून वाईट वाटलं. काट्यावरून आलेलं नाव काटेरी झाडांकडून काढून बहुतेक बिनकाट्याच्या झाडांना दिलं. आता प्रश्न असा की पाट्या बदलायच्या का? आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणतात, शास्त्रीय नाव काढूनच टाका, 'बाभूळ' पुरे आहे. मला ते पटत नाही, पण त्यांना समजावायला माझ्याकडे नीट मुद्दे नाहीत.

शिवारातला

काका, 'बाभूळ पुरे आहे' हे आमच्या गावात तरी चालणार नाही. आमच्याकडे पाच बाभळी आहेत.

एक खरी बाभूळ. तिच्यातही रामकाठी वेगळी. रामकाठी सरळ वर जाते, फांद्या खोडाला धरून, झाडूसारखी. सावली कमी पडते म्हणून बांधावर ठेवली तरी पिकाला त्रास नाही. माझे आजोबा औताचं लाकूड निवडताना खोडावर कुऱ्हाडीचा तुंबा मारून आवाज ऐकायचे. दुसरी वेडी बाभूळ, जी ओढ्याकाठी आणि पडीक रानात माजलीय. तिसरी सुबाभूळ, चाऱ्यासाठी म्हणून आणली. हिचा पाला जास्त घातला तर जनावराला बाधतो, घोड्याचे तर केस गळतात. चौथी देवबाभूळ, तिच्या फुलाला वास असतो. पाचवी ऑस्ट्रेलियन बाभूळ, सामाजिक वनीकरणात लावलेली, तिची पानं कोयत्यासारखी वाकडी.

एकदा बियाणं मागवताना मी फोनवर नुसतं 'बाभूळ' म्हणालो आणि पार्सलमध्ये सुबाभळीचं बी आलं. एक हंगाम गेला. तेव्हापासून मी चिठ्ठीवर शास्त्रीय नाव लिहून पाठवतो. ते अकेशिया असो का वॅचेलिया, 'निलोटिका' एवढं लिहिलं की समोरच्याला कळतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. या पाच बाभळी शास्त्राच्या हिशोबाने एकमेकींच्या कोण लागतात?

पानगळ

टेकडीवाला, तुमची हकीकत बरोबर आहे. मी काही वर्षं एका हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, शीट (वाळकी फांदी चिकटवलेला कागद) तयार करायचं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी शिवारातला दादांचं उत्तर. खरी बाभूळ वॅचेलिया निलोटिका. देवबाभूळ 'वॅचेलिया फार्नेसियाना', म्हणजे या दोघी एकाच प्रजातीतल्या. गंमत म्हणजे वॅचेलिया ही प्रजाती १८३४ मध्ये वाइट आणि आर्नॉट यांनी मांडली तीच मुळी देवबाभळीवरून. सुबाभूळ 'ल्युसीना ल्युकोसेफाला', मूळची मेक्सिकोकडची. वेडी बाभूळ आपण 'प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा' म्हणून शिकलो, पण २०२२ मध्ये प्रोसोपिसच्याही वाटण्या झाल्या आणि ती 'नेल्ट्युमा' झाली. ऑस्ट्रेलियन बाभूळ 'अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस'. म्हणजे तुमच्या पाच बाभळींपैकी आजच्या घडीला अकेशिया एकटी तीच, वनीकरणातली. पाच नावं, चार प्रजाती.

इथेच एक सांगून टाकते. शाळेच्या पुस्तकात सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड आहे. 'प्रजाती' म्हणजे वरची पायरी आणि 'जाती' म्हणजे खालची. वर्तमानपत्रात 'सह्याद्रीत बेडकाची नवी प्रजाती सापडली' असं छापतात तेव्हा बहुतेक वेळा सापडलेली असते नवी जाती. हा घोळ रोज होतो आणि त्याने वाचकाचं खरोखर नुकसान होतं. नवी प्रजाती ही फार मोठी बातमी असते. २००३ मध्ये केरळातून 'नासिकाबट्रॅकस सह्याद्रेन्सिस' हा जांभळा बेडूक जाहीर झाला तेव्हा नुसती जाती नवी नव्हती, प्रजातीही नवी होती, आणि त्याच्यासाठी कुलसुद्धा नवं मांडलं गेलं. नाव वाचून पाहा, नासिका आणि सह्याद्री, आपल्याला भाषांतराची गरजच नाही.

आता मुख्य मुद्दा, नाव कशाला बांधलेलं असतं. बहुतेकांना वाटतं नाव वर्णनाला बांधलेलं असतं. तसं नसतं. जातीचं नाव एका नमुन्याला बांधलेलं असतं, एका वाळलेल्या फांदीला. वनस्पतीची नवी जाती जाहीर करणाऱ्याला सांगावं लागतं की हा माझा नमुना आणि तो अमुक हर्बेरियममध्ये ठेवलाय. पुढे वर्णनात चूक निघाली, फुलाचा रंग चुकीचा लिहिला गेला असं कळलं, तरी नाव त्या फांदीचंच राहतं. म्हणून नमुना-शीट वेगळ्या कपाटात, लाल कडेच्या फोल्डरमध्ये ठेवतात. असं फोल्डर मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा हात थरथरत होते. दीडशे वर्षांपूर्वीची फांदी, पानं तपकिरी, एका कोपऱ्यात कागदाच्या पुडीत गळलेल्या दोन शेंगा, आणि शाईने लिहिलेलं गावाचं नाव. त्या गावी मी एसटीने जाऊन आले होते.

शीट करणं हे काम बघायला सोपं वाटतं. फांदी वर्तमानपत्रात दाबायची, पावसाळ्यात रोज कागद बदलायचे नाहीतर बुरशी येते. निदान एक पान उलटं ठेवायचं, म्हणजे मागची लव आणि शिरा दिसतात. फुलाचा रंग तिथल्या तिथे वहीत लिहायचा, कारण वाळल्यावर सगळंच तपकिरी होतं. ठिकाण, तारीख, कुणी गोळा केली, तिथले लोक काय म्हणतात. यातलं शेवटचं पुष्कळ जण लिहीत नाहीत, आणि मला ती चूक वाटते.

आणि पाट्यांबद्दल. शीटवरचं नाव बदललं की जुनी चिठ्ठी आम्ही कधीही काढत नाही. नवीन चिठ्ठी शेजारी चिकटवतो, तारीख आणि सही घालून. एकेका शीटवर चार-चार चिठ्ठ्या असतात. शंभर वर्षांत कोणी काय समजलं, ते सगळं एका कागदावर वाचता येतं.

टेकडीवाला

पानगळताई, चिठ्ठ्यांची गोष्ट फार आवडली. एक शंका. नाव नमुन्याला बांधलेलं असतं तर एकाच झाडाला दोन नावं कशी पडतात? तुळस लहानपणी पुस्तकात 'ऑसिमम सँक्टम' होती, आता 'टेन्युइफ्लोरम' लिहितात.

पानगळ

दोन वेगळे नमुने, दोन वेगळी नावं, आणि नंतर कळतं की दोन्ही एकाच जातीचे आहेत. मग आधीचं नाव टिकतं. टेन्युइफ्लोरम १७५३ चं, सँक्टम १७६७ चं, दोन्ही लिनियसनेच दिलेली. सँक्टम म्हणजे पवित्र, आपल्याला तेच हवंसं वाटतं, पण चौदा वर्षांनी मागे पडलं. वनस्पतींसाठी मोजणी १७५३ पासून आणि प्राण्यांसाठी १७५८ पासून सुरू होते. त्याआधीच्या नावांना या हिशोबात किंमत नाही.

नाव अर्थाने चुकीचं निघालं म्हणूनही बदलता येत नाही. चिंच आफ्रिकेतली, तरी ती 'टॅमरिंडस इंडिका' आहे. टॅमरिंडस हा शब्दच अरबीतून आलाय, हिंदचा खजूर अशा अर्थाचा. दोन्ही शब्द हिंदुस्थानचे आणि झाड बाहेरचं. तरी नाव कायम, कारण नाव हे ओळखपत्र आहे, माहितीपत्रक नव्हे.

यारेकाठी

मेलबर्नहून लिहितोय. मूळचा साताऱ्याचा, इथे अठरा वर्षं झाली. टेकडीवाला काका, तुमचं दुःख समजतं, पण इकडची बाजूही सांगायला हवी.

इथे अकेशियाला 'वॉटल' म्हणतात. गोल्डन वॉटल, म्हणजे 'अकेशिया पिक्नँथा', १९८८ पासून ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय पुष्पचिन्ह आहे. इथल्या खेळाडूंचे हिरवे-सोनेरी कपडे तुम्ही टीव्हीवर बघता, ते रंग वॉटलच्या फुलांशी जोडलेले आहेत. ऑगस्टमध्ये थंडी असतानाच झाड पिवळंजर्द होतं. पहिल्या वर्षी ते गोंडे पाहिले तेव्हा मला आमच्या माणकाठची बाभूळ आठवली आणि गळा दाटून आला. दोघींच्या फुलात मला तरी फरक करता आला नसता.

नाव राखण्याच्या बाजूचा मुद्दा असा होता की सुमारे हजार जातींची नावं बदलण्यापेक्षा वॅचेलियाच्या दीडशे-एक जातींची नावं बदलली तर कायदे, रोपवाटिका, जंगलांच्या याद्या, सगळीकडे गोंधळ कमी होईल. नियमातच तशी सोय आहे. नियम आंधळेपणाने लावून जास्त घोटाळा होणार असेल तर नाव राखून ठेवता येतं. आफ्रिकेतल्या अभ्यासकांना ते मान्य नव्हतं. सवाना आणि काटेरी अकेशिया यांचं चित्र एकच आहे, असं ते म्हणत. मला त्यांचंही म्हणणं खरं वाटतं. पण ज्या झाडाखाली मी आज राहतो त्याचं नाव टिकलं याचा मला आनंद आहे, हेही खरं.

सड्यावरून

रत्नागिरी. आमच्या सड्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ भरपूर लावली गेली. मी तिचा चाहता नाही, तिच्याखाली पानांचा थर कुजता कुजत नाही आणि सड्याचं गवत मरतं. पण एक गोष्ट बघितलीय ती सांगतो.

मोठ्या झाडाला जी कोयत्यासारखी लांब पानं दिसतात ती पानं नाहीतच. ते रुंद झालेले देठ आहेत. हे मला कुणी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. मग जुलैत झाडाखाली उगवलेलं वीतभर रोप उपटून बघितलं. सगळ्यात खालची पानं हुबेहूब बाभळीसारखी, बारीक पिसासारखी. त्याच्या वरच्या पानाचा देठ थोडा चपटा, टोकाला पिसं. त्याच्या वर देठ आणखी रुंद, पिसं दोन-चारच. आणि सगळ्यात वर नुसता कोयता, पिसं गायब. एका वीतभर रोपात सगळा प्रवास दिसतो. या पावसाळ्यात कुणाच्या जवळ हे झाड असेल तर वाकून बघा.

मला वाटतं जुन्या लोकांनी हिला बाभळीच्या घरात घातलं ते काही उगाच नव्हतं. नातं आहेच, फक्त आपण समजत होतो तितकं जवळचं नाही.

पानगळ

सड्यावरून, हे फार सुंदर टिपलंत. हो, कुल एकच आहे, शेंगावर्गीयांचं. फक्त आतल्या फांद्या वेगळ्या निघाल्या. टेकडीवर मुलांना दाखवायला एक सोपी खूण देते. बाभूळ आणि हिवर यांचे काटे सरळ, जोडीने, पानाच्या बुडाशी, पांढरट. ते उपपर्णांचे (देठाच्या बुडाशी असणाऱ्या छोट्या पानांचे) काटे, ही वॅचेलियाची खूण. खैराचे काटे आखूड आणि वाकडे, मांजराच्या नखासारखे, सदरा धरून ठेवतात. ती सेनेगालियाची खूण. शिकेकाईसुद्धा वाकड्या काट्यांची आणि तीही सेनेगालियात गेली. हा फरक मेंढपाळांना आणि लाकूडतोड्यांना डीएनएच्या आधीपासून अंगावरच्या ओरखड्यांवरून ठाऊक होता.

काढा_आणि_चूर्ण

मी आयुर्वेदाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शास्त्रीय नाव काढून टाका म्हणणाऱ्या काकांना माझ्याकडून एक उदाहरण सांगा.

अशोक. सोसायट्यांच्या कुंपणाला जे उंच, खाली झुकलेल्या पानांचं झाड रांगेत लावतात त्याला सगळे अशोक म्हणतात. त्याचं नाव 'पॉलिअल्थिया लाँगिफोलिया' होतं, आता 'मोनून लाँगिफोलियम'. ते सीताफळाच्या कुलातलं आहे. आमच्या ग्रंथातला अशोक, ज्याची साल स्त्रीरोगांत वापरतात, तो 'सराका असोका', शेंगावर्गीय, केशरी-लाल फुलांचे झुपके खोडालगत येणारा. दोन झाडांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण बाजारात एकाच्या सालीत दुसऱ्याची साल मिसळलेली सापडते. द्रव्यगुणाच्या (औषधी द्रव्यांच्या विषयाच्या) तासाला आम्हाला दोन्ही साली हातात देतात. नाव दोघांचं एक, औषध मात्र त्यातलं एकच झाड.

माझ्या आईने घरासमोर 'अशोक' लावायचा म्हणून एका रोपवाटिकेतून रोप आणलं. पाच वर्षांनी फुलं आली ती हिरवट, बारीक, चांदणीसारखी. तेव्हा कळलं. पिशवीवर शास्त्रीय नाव असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि 'असोका' हे नाव मुळात आपल्याच शब्दावरून रॉक्सबर्ग यांनी ठेवलंय, म्हणजे शास्त्रीय नावात आपली भाषा नाही असंही नाही.

मांडवी

काढा_आणि_चूर्ण यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. गोव्याहून लिहिते.

लिनियसने भारतातल्या झाडांची माहिती घेतली ती बरीचशी 'हॉर्टस मलाबारिकस' या ग्रंथातून. कोचीचा डच अधिकारी व्हॅन रीड याने तो करवून घेतला, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंड निघाले, ७०० हून अधिक झाडांची चित्रं. झाडांची माहिती देणारे मुख्य होते इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य. पण त्यांच्या बरोबरीने तीन कोकणी वैद्यही होते, रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट. त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेलं आहे. चित्रांवरही झाडांची नावं मल्याळम, अरबी आणि नागरीत कोरलेली आहेत.

त्या पानाची प्रत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ बघतच बसले. साडेतीनशे वर्षांपूर्वीची आपली लिपी, डच माणसाच्या लॅटिन ग्रंथात. अक्षरं कोरणाऱ्याला ती वाचता येत नसणार, तरी ओळखू येतात. लिनियसने 'स्पिसीज प्लँटारम' या आपल्या ग्रंथामध्ये या ग्रंथाचे हवाले ठायी ठायी दिलेत. म्हणून शास्त्रीय नावं बाहेरून आपल्यावर लादली गेली असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. नावं द्यायचा अधिकार त्यांनी घेतला हे खरं. पण कोणतं झाड कोणतं, हे सांगणारे आपले वैद्य होते. त्यांची नावं निदान आपण तरी विसरू नयेत.

नागझिरी

सर्पमित्र आहे, वनस्पतीतलं फार कळत नाही. नागाचं नाव 'नाजा नाजा', चितळाचं 'ॲक्सिस ॲक्सिस', एकच शब्द दोनदा. झाडांत असं दिसत नाही. का?

पानगळ

प्राण्यांची आणि वनस्पतींची नियमावली वेगळी आहे. प्राण्यांत चालतं, वनस्पतींत तसं नाव देता येत नाही. दोन वेगळी घरं, दोन वेगळ्या रीती. त्यामुळे एखाद्या किड्याचं आणि एखाद्या झाडाचं प्रजातीनाव एकच असू शकतं, त्याला हरकत नाही.

शिस्तबद्ध

थोडा वेगळा सूर लावतो. मी निवृत्त वनस्पतिशास्त्राचा शिक्षक. तीस वर्षं शिकवलं की साग वर्बिनेसी कुलातला. आता म्हणतात तो तुळशीच्या कुलात, लॅमिएसीत. रुईचं वेगळं कुल होतं, ते कण्हेरीत विलीन केलं. काटेसावरीचं कुल जास्वंदीत घातलं. कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरावर (तिथल्या सगळ्या वनस्पतींच्या ग्रंथावर), १९०१ ते १९०८ मधल्या, मी लहानाचा मोठा झालो. तो उघडला की आता निम्मी नावं जुळत नाहीत. पश्चिम घाटात फिरणाऱ्या नवीन मुलाला तीन पुस्तकं तीन नावं सांगतात.

शिंदळ माकुडीचंच घ्या. शिवनेरीच्या कड्यावर उगवते, मांसल खोड, मखमली तपकिरी-लाल चांदणी, तिच्यावर पिवळे ठिपके. डॅल्झेल यांनी तिला 'फ्रेरिया इंडिका' नाव दिलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. आता 'बाउसेरोसिया फ्रेराय' म्हणायचं. मी अजून फ्रेरियाच म्हणतो. जगात तिच्यासारखी ती एकटी, स्वतंत्र प्रजाती, हा आपला अभिमान होता.

पानगळ

सर, तुमच्यासारख्यांच्याच हाताखाली आम्ही शिकलो, म्हणून आदरानेच लिहिते.

फ्रेरिया वेगळी काढली होती ती पानांमुळे. तिच्या नात्यातल्या बाकीच्या मांसल वनस्पतींना पानं जवळजवळ नसतात, हिला पावसाळ्यात चांगली पानं येतात. हे बघून वेगळं घर देणं त्या काळी रास्तच होतं. पण तिचं नातं तपासल्यावर ती बाउसेरोसियाच्या आतच बसते असं निघालं. तिला बाहेर ठेवलं तर बाउसेरोसिया हे घर अर्धवट राहतं, जणू भावंडांपैकी एकीचं नाव रेशनकार्डावरून काढलं. आणि इंडिकाचं फ्रेराय का झालं तर तिला आधी 'कॅरालुमा' या प्रजातीत हलवलं तेव्हा तिथे 'इंडिका' नावाची दुसरी जात आधीच होती. एका घरात एका नावाच्या दोघी चालत नाहीत. मग गव्हर्नरांचं नाव पुढून मागे आलं.

साग आणि तुळशीचंही तसंच. दोघांची फुलं भिंगाखाली शेजारी ठेवली की ते नातं मला तरी पटतं. तुम्ही शिकवलेलं चुकीचं नव्हतं. तेव्हा जेवढं दिसत होतं त्यावरून ते बरोबर होतं. आज जास्त दिसतं. नावं बदलतात याचा त्रास मलाही होतो, शीटवर चिठ्ठ्या चिकटवून हात दुखायचे. पण नाव आणि नातं यांची फारकत करून नाव तसंच ठेवलं तर ते नाव काहीच सांगत नाही.

एक भर घालते. २०२४ मध्ये माद्रिदच्या काँग्रेसने पहिल्यांदाच अर्थामुळे नावं बदलली. 'काफ्रा' हा आफ्रिकी लोकांचा अपमान करणारा शब्द असलेली नावं आता 'आफ्रा' होतात, म्हणजे आफ्रिकेची. पांगाऱ्याची एक आफ्रिकी बहीण 'एरिथ्रिना काफ्रा' होती, ती 'एरिथ्रिना आफ्रा' झाली. मी याच्या पूर्ण बाजूने आहे. एका अक्षराने झाडाची ओळख बिघडत नाही आणि माणसांचा अपमान थांबतो.

शिस्तबद्ध

काफ्राच्या बाबतीत सहमत. रेशनकार्डाचं उदाहरण लक्षात राहील. फ्रेरिया तोंडातून जाणार नाही, पण लिहिताना नवीन नाव आधी लिहीन.

टेकडीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी टेकडीवर धाग्यातले मुद्दे वाचून दाखवले. ज्येष्ठ काकांना अशोकाची गोष्ट पटली. त्यांच्याही दारात तोच खोटा अशोक आहे.

पाट्या काढायच्या नाहीत असं ठरलं. पानगळताईंच्या चिठ्ठ्यांसारखी प्रत्येक जुन्या पाटीखाली एक छोटी पट्टी अडकवायची. बाभळीच्या पट्टीवर येईल: 'वॅचेलिया निलोटिका, २००८ पासून'. वरचं 'अकेशिया निलोटिका' तसंच राहील. एकूण एकवीस पाट्यांना पट्ट्या लागतील. टेकडीवर मेंढ्या घेऊन येणारे एक धनगर आजोबा आहेत, त्यांच्याकडून त्यांची नावं विचारून तीही लिहायची. काल त्यांनी हिवराच्या दोन जाती सांगितल्या, ज्या आम्हाला एकच वाटत होत्या. फुलं आली की दोन्हींच्या फांद्या दाबून ठेवणार आहोत, एक पान उलटं ठेवून.

ज्या मुलीने विचारलं होतं तिला शाळेमार्फत निरोप पाठवलाय. पहिली पट्टी तिने रंगवावी अशी आमची इच्छा आहे.

शिवारातला

काका, पट्टी रंगवायच्या आधी तुमची बाभूळ साधी आहे का रामकाठी तेवढं बघून घ्या. फांद्या खोडाला धरून वर गेल्यात का पसरल्यात, आणि शेंग दोन बियांच्या मध्ये मण्यांच्या माळेसारखी आवळलेली आहे का. फोटो टाका इथे, लांबून एक आणि शेंगेचा एक. रामकाठी असेल तर पाटीवर तेही लिहा.